कंडक्टर अण्णांनी गाळलेली पानं

आमच्या गल्लीतले सिद्धराम अण्णा भुताला भितात, हे कर्नाटकातल्या आमच्या बसवकल्याणात कुणापासून लपलेलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी बसची कंडक्टरकी केली, पण नाइट हॉल्ट एकदाही केला नाही. नाइट हॉल्ट म्हणजे शेवटची गाडी एखाद्या खेड्यात जाऊन मुक्काम करते, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच अंग टाकतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन परततात. हे टाळण्यासाठी अण्णांनी दुसऱ्या कंडक्टरांना काय काय देऊ केलं! स्वतःची दिवाळी दिली, दसरा दिला, सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाची सुट्टी दिली. बायको रेणुकाबाई ते लग्न अजून विसरलेल्या नाहीत. पाहुण्यांसमोर विषय निघाला की त्या म्हणतात, "ह्यांचा बाप मादन हिप्परग्याच्या रानात मेंढरांत एकटा निजायचा. आन् ह्यांना परसात जायचं तर मी कंदील धरून हुबी."

"कंदील कुठला, बॅटरी," अण्णा दुरुस्ती करतात. बाकीचं मान्य.

पण माणूस मोठा कामाचा. उमरगा आणि सोलापूरकडच्या गाड्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. त्या बाजूचे मराठी प्रवासी इकडं आले, की कन्नड पाट्या बघून भांबावतात. गाडीतून बाहेर बोट करून विचारतात, "अण्णा, ते काय लिवलंय?" अण्णा एका हातानं दांडा धरून, तिकीट फाडता फाडता वाचून सांगायचे: सरकारी दवाखाना, खतांचं दुकान, इथं लघवी करू नये. कन्नड डोळ्यांनी वाचायचं आणि मराठी तोंडानं सांगायचं, मधे विचार करायला जागाच नाही. एकतीस वर्षांत आपण एकाही प्रवाशाला चुकीच्या थांब्यावर उतरवलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. निवृत्तीच्या सत्कारात ते एवढंच बोलले आणि खाली बसले.

म्हणून पद्माबाईंनी त्यांना गाठलं.

पद्माबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. वय अडुसष्ट, माहेर उमरग्याकडचं, सासर निर्ण्याचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. निर्ण्याचं शेत भाऊबंद बघतात. शाळा चौथीपर्यंत, पण मराठी; पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. कन्नड त्यांना बाजारापुरती येते. भाव करता येतो, भांडता येतं. पुस्तकातली कन्नड मात्र एवढी नटूनथटून येते, की त्या तिला ओळखत नाहीत.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा व्यंकट कन्नडमध्ये कादंबऱ्या लिहितो. इकडच्या घरांत हे असंच चालतं. घरात मराठी, शाळा कन्नड. पोर शिकून मोठं होतं ते कन्नडमध्ये, आणि आईशी बोलायला त्याच्याजवळ उरते ती दहा वर्षांच्या पोराची मराठी. व्यंकट बेंगळूरला असतो. त्याचं पुस्तक निघालं की तिकडं लोक रांग लावतात म्हणे. इकडं दर रविवारी त्याचा फोन येतो. "माय, जेवलीस का? गोळ्या घेतलीस का?" माय म्हणते, "व्हय." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकतात आणि ठेवतात.

सात पुस्तकं त्यानं आणून दिली होती. सातही पद्माबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची. आत काय आहे ते विचारलं, की व्यंकट म्हणायचा, "काय न्हाई माय, असंच गोष्टी."

ऑगस्टमधल्या एका दुपारी त्यांनी अण्णांना हाक मारली.

"अण्णा, बसायला नगं, कामाचं बोलते. लेकानं काय लिवलंय ते मला कळंना झालंय. तुमी वाचून सांगताव का? कन्नडमधलं मराठीत. पाट्या सांगत हुताव तसं."

"व्हय की अक्का. त्यात काय!"

होकार देऊन झाल्यावर पिशवी उघडली. पहिल्याच पुस्तकाच्या वेष्टनावर एक पडकी पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या खिडकीतून एक डोळा अण्णांकडं बघत होता. अण्णांनी दुसरं पुस्तक काढलं. त्यावर चिंचेचं झाड होतं. झाडाला चिंचा नव्हत्या, केस होते.

पण कुणी पाटी वाचून मागितली आणि अण्णा नाही म्हणाले, असं आजवर झालं नव्हतं. त्यांनी तीन अटी घातल्या. वाचन दुपारी तीन ते पाच. पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर. आणि आपण ओसरीवरच्या खांबाला पाठ लावून उभं राहणार. उभ्यानं वाचायची सवय आहे, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण हे, की खांबाला पाठ लावली की मागं कुणी उभं राहू शकत नाही.

पहिलं पुस्तक त्या ओसाड गिरणीचं. दहा पानं बरी गेली. गाव आलं, ओढा आला, नायक म्हणून एक बँकेतला कारकून आला. अकराव्या पानावर बंद गिरणी आपोआप सुरू झाली. अण्णांनी पुढच्या तीन ओळी मनात वाचल्या, अंगठा जिभेला लावला आणि तिकिटं मोजावीत तशी चार पानं एकदम उलटली.

"राइट!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय झालं?" पद्माबाई शेंगा फोडता फोडता थांबल्या.

"काय न्हाई अक्का. गिरणी चालू झाली. पीठ पडायलंय."

"ज्वारीचं?"

अण्णा जरा घुटमळले. "व्हय. ज्वारीचंच."

पुस्तकात ते पीठ लाल होतं.

इथून अण्णांची गाडी एका विशिष्ट पद्धतीनं धावू लागली. थांब्यावर कुणी हात केला नाही, की कंडक्टर 'राइट' म्हणतो आणि गाडी पुढं जाते, तसं जिथं वारा सुटेल, दिवा विझेल, कुत्रं रडेल, तिथं अण्णा राइट म्हणायचे. चार पानं, सहा पानं, एकदा तर सबंध प्रकरण. उरायचं ते इतकंच: माणूस स्वस्तात घर भाड्यानं घेतो, चहा करतो, दार उघडतो, बाहेर वारा असतो, दार लावतो, चहा पितो, आणि काही दिवसांनी घर सोडतो.

"घर कामून सोडलं त्यानं?" पद्माबाई विचारायच्या.

"पाण्याची अडचण."

"मागल्या पुस्तकातबी पाण्याचीच हुती की."

"बेंगळूर हाय अक्का. तिथं पाणी कुठलं!"

मार्गशीर्ष लागेपर्यंत चार पुस्तकं झाली. लेकाबद्दल पद्माबाईंचं एक मत बनलं. "सरळ लिवतंय पोरगं," त्या शेजारणींना सांगायच्या. "कुणाला काय तरास न्हाई. जरा हळू जातंय, पण सरळ हाय." एकट्या असल्या की मात्र त्यांना वेगळंच वाटे. एवढी जाड पुस्तकं आणि एवढीशी गोष्ट! चहा पिणाऱ्या माणसासाठी लोक रांग लावतात? त्यांना वाटे, आपल्यालाच कळत नाही. आपण चौथी शिकलेलो, लेकाचं मन वाचायला तेवढं शिक्षण पुरत नसेल.

आणि मग एका रविवारी फोनवर त्यांनी सांगून टाकलं.

"व्यंकट, तुजी पुस्तकं ऐकायली मी. कंडक्टर अण्णा वाचून सांगायलेत."

पद्माबाईंना वाटलं फोन कटला.

"सगळी?" व्यंकटनं विचारलं.

"चार झाली."

"मग... काय वाटलं माय?"

त्यानं आईला असं कधीच काही विचारलं नव्हतं. पद्माबाई गडबडल्या. जे सुचलं ते बोलल्या. "चांगली हाईत रं. पाण्याची अडचण लई हाय."

मग व्यंकट म्हणाला, "मी येळवशीला येतो."

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. बाकी जगात अमावास्या म्हटलं की लोक जपून पावलं टाकतात. आमच्या भागात त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात, कारण सगळे आंबिलीची मडकी घेऊन शेतात जेवायला गेलेले असतात. अण्णांसारखा माणूससुद्धा वर्षातून या एका अमावास्येला आनंदानं घराबाहेर पडतो. व्यंकट मात्र सहा वर्षांत येळवशीला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पद्माबाई अण्णांची वाटच बघत होत्या.

"अण्णा, पोरगं यायलंय. ते येळवशीला यायलं न्हाई, मला काय वाटलं ते ऐकायला यायलंय. आवाजावरून वळखलं मी. आता मी त्याला काय सांगू? पाण्याचं सांगू?"

अण्णा खांबाला आणखी जरा चिकटले.

"एक काम करा," पद्माबाई म्हणाल्या. "त्याचंच एक वाक्य मला हुडकून द्या. कन्नडमधलं, जसंच्या तसं. सगळ्यात चांगलं. मी पाठ करते आन् त्याला म्हणून दाखवते. म्हणजे त्याला कळंल, मायनं कान देऊन ऐकलंय. आमच्या दोघांत बोलायला दुसरं काय हाय हो?"

आता आली पंचाईत. वाचून झालेली चारही पुस्तकं घरी नेऊन अण्णांनी चाळली. वाचलेल्या पानांत चांगलं वाक्य एकही नव्हतं. 'त्याने चहा गाळला' हे पाठ करून दाखवायचं वाक्य नव्हे. व्यंकट चहा लिहायचा तो उरकून टाकल्यासारखा. त्याचा सगळा जीव होता तो अण्णांनी गाळलेल्या पानांत. चांगलं वाक्य हवं असेल तर तिथं जावं लागणार होतं.

अण्णांनी त्यासाठी जगातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली. सकाळी दहाला ते पुस्तक घेऊन बसस्टँडवर गेले आणि उमरगा आणि सोलापूरच्या फलाटांमधल्या बाकड्यावर बसले. समोर गाड्यांचे हॉर्न, शेजारी केळीवाला, मागं लाउडस्पीकर. एवढ्या गोंधळात कुठलं भूत येणार!

भूत आलं नाही, हणमंतप्पा आला. अण्णांबरोबर बारा वर्षं गाडी चालवलेला, आता निवृत्त झालेला ड्रायव्हर. त्यानं पुस्तकावरचं वर्तमानपत्र उचकटून बघितलं.

"क्या रे सिद्धराम! तू भुताची पुस्तकं वाचायलास? नाइट हॉल्ट म्हटलं की ताप येत हुता तुला!"

"पद्माक्काच्या लेकाचं हाय. काम हाय माझं. तू जा, तुझी गाडी निघायलीय."

"निघू दे. तुला चक्कर आली तर उचलायला माणूस पायजे की," असं म्हणून हणमंतप्पा केळी सोलत शेजारी बसला.

पुस्तकाचं नाव 'बागिलल्लि निंतवळु'. म्हणजे दारात उभी असलेली. अण्णांनी पद्माबाईंना ते दोन दिवसांत संपवून दिलं होतं. आता त्यांनी दात आवळून चौसष्टावं पान उघडलं.

नायक नव्या घरात एकटा आहे. दार वाजतं. उघडतो, तर उंबऱ्याबाहेर एक बाई. ती आत येत नाही, जात नाही. तिचा चेहरा दिसत नाही, कारण ती जिथं उभी राहते तिथला उजेड कमी होतो. हातात गोल डबा. डब्याच्या झाकणावर तिची बोटं घट्ट बसली आहेत, जणू आत काही जिवंत आहे. अण्णांच्या मानेवर काटा आला. त्यांनी लाउडस्पीकरकडं बघितलं, केळीवाल्याकडं बघितलं, हणमंतप्पाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं वाचलं. ती बाई एकच वाक्य बोलते. दर वेळी तेच. नायकाला ते कळतं, पण तो उत्तर देत नाही. दार लावून घेतो.

ते वाक्य अण्णांनी वाचलं आणि अर्थ लागला नाही. कन्नड अक्षरं, पण शब्द कन्नड नव्हते. बेंगळूरच्या वाचकांना तो काहीतरी मंत्र वाटला असेल, आणि ते चांगलेच टरकले असतील. अण्णांनी पाटी वाचावी तसं ते मोठ्यानं वाचलं.

"जेवलास का रं?"

"न्हाई अजून," हणमंतप्पा म्हणाला. "केळं खाल्लं तेवढंच."

अण्णांनी पुस्तक मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि त्या दिवशी हॉर्नच्या, घोषणांच्या गदारोळात पुस्तक पहिल्या पानापासून, एकही थांबा न गाळता वाचून काढलं. भीती वाटत होतीच. पण दीडशेव्या पानाला त्यांना कळलं, की नायक भुताला भीतच नाही. तो स्वतःला भितोय. सोळाव्या वर्षी तो वसतिगृहात शिकत असतो. एक दिवस फाटकात एक बाई डबा घेऊन उभी राहते, त्याला हाक मारते, दोस्तांना न कळणाऱ्या भाषेत. दोस्त विचारतात, कोण रे ती? आणि तो म्हणतो, "गोत्तिल्ल." माहीत नाही. बाई डबा ठेवून निघून जाते. त्या दिवसापासून तो जिथं जिथं घर करतो, तिथं तिथं ती दारात उभी राहते.

संध्याकाळी उन्हं असेपर्यंत अण्णांनी घरी बाकीची तीन पुस्तकंही धुंडाळली. गिरणीच्या दारात ती होती. चिंचेखाली ती होती. चौथ्यातही होती. प्रत्येक ठिकाणी गोल डबा. आणि प्रत्येक ठिकाणी ती दिसायच्या एक पान आधी अण्णांनी राइट म्हटलं होतं.

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. रेणुकाबाईंना वाटलं घाबरले. "न्हाई गं," अण्णा म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा एका बाईला भलत्याच थांब्यावर उतरवलं."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते पद्माबाईंच्या ओसरीवर गेले, पण खांबाला पाठ न लावता समोर खाली बसले.

"अक्का, मी तुमाला लबाड बोललो."

"काय बोललाव?"

"तुमचा लेक भुताच्या गोष्टी लिवतो. मला भ्या वाटतंय म्हणून मी ती पानं गाळली."

पद्माबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "सगळी?"

"भुताची सगळी."

"म्हणजे पाण्याची अडचण..."

"न्हवती."

"आन् ते पीठ?"

"लाल हुतं अक्का."

"ज्वारीचं न्हवतं?"

"न्हाई."

पद्माबाईंना पिठाचं फार लागलं. "अवं, मी शेजारणीला सांगितलं की! माझ्या लेकाच्या पुस्तकात आपल्या शाळूचं पीठ हाय म्हणून सांगितलं! एवढं मोठं बापय माणूस, कागदाला भितंय?" थोडा वेळ त्या सूप आपटत राहिल्या. मग थांबल्या. "म्हणजे माझं लेकरू काय बोलायलंय ते मी ऐकलंच न्हाई म्हणा. सहा वर्षांनी ते येळवशीला यायलंय, आन् मी त्याला पाण्याचं सांगितलं."

"अजून आठ दिवस हाईत अक्का. पहिल्यापासून गाळलेलं सगळं वाचू. आता एकबी थांबा गाळणार न्हाई. फक्त तुमी जरा जवळ बसा."

मग आठ दिवस आमच्या गल्लीनं एक विलक्षण वाचन ऐकलं. भुताची पानं आली की अण्णांचा आवाज बारीक व्हायचा, आणि पद्माबाई म्हणायच्या, "घाबरू नगा, मी हाय. वाचा." एकदा मांजरानं भांडं पाडलं तेव्हा अण्णा पुस्तकासह आतल्या खोलीत गेले होते. पद्माबाई मात्र एकदाही दचकल्या नाहीत. त्या बाईचं वर्णन आलं की त्या नीट कान देऊन ऐकत. डबा आला तेव्हा म्हणाल्या, "पितळी का?" पुस्तकात तसं नव्हतं, पण अण्णांनी या वेळी पदरचं काही घातलं नाही. "लिवलं न्हाई," म्हणाले.

"पितळीच हुता," पद्माबाई म्हणाल्या.

वसतिगृहाचं पान येळवशीच्या दोन दिवस आधी आलं. अण्णांनी ते अगदी सावकाश सांगितलं, खड्ड्याच्या रस्त्यानं गाडी न्यावी तसं. "गोत्तिल्ल" हा शब्द त्यांनी मराठीत आणला नाही. तसाच ठेवला आणि थांबले.

पद्माबाई बराच वेळ शेंगाच फोडत राहिल्या.

"मी ऐकलं हुतं की ते," त्या म्हणाल्या. "कलबुर्गीला, हास्टेलच्या गेटात. धपाटे आन् शेंगाची चटणी घेऊन गेलते. बाजाराची कन्नड येती मला. 'गोत्तिल्ल' एवढं तर कळतंयच."

"मग अक्का?"

"मग काय. डबा वॉचमनजवळ दिला आन् गाडी धरली. वाटंनं रडलेबी जरा, खोटं कशाला बोलू. पर सुट्टीला आलं तवा डबा घेऊन आलतं पोरगं. घासून. आतून बाहीरून, चिंच लावून, लखलखीत. सोळा वर्साचं पोर घासलेला डबा आणतंय का हो कुठं? तुमी आणलाव का कवा?"

"रिकामाबी कवा आणला न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग! त्या दिशीच समजले मी. माझ्याकडनं तो इषय तितंच मिटला." त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि मग एकदम त्यांना हसू आलं. "त्याच्यापायी सात पुस्तकं लिवली म्हणता? एक फोन करायचा की बाबा."

पाठ करायच्या वाक्याचा विषय पद्माबाईंनी पुन्हा काढला नाही. अण्णांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सापडलंय मला."

येळवशीला गल्लीतले आम्ही सगळे पद्माबाईंच्या निर्ण्याच्या शेतात गेलो. तूर फुलावर होती, हरभरा गुडघ्याला लागत होता. मधोमध कडब्याची खोप, खोपीत पाच दगडांचे पांडव चुन्यानं रंगवलेले, त्यांच्यासमोर आंबिलीचं मडकं, भाज्या-दाण्यांची भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उंडे, तिळाच्या भाकरी. व्यंकट अकराच्या सुमाराला आपली कार घेऊन आला. अण्णांनी भुतांच्या लेखकाची जी काही कल्पना केली होती, तिच्यात हा बसेना. बेचाळिशीचा, चष्म्याचा, मवाळ माणूस. हरभऱ्यात हिरवी अळी दिसल्याबरोबर त्यानं दोन सऱ्या मागं उडी मारली. अण्णांना तो त्या क्षणी आवडला.

आईच्या पाया पडून तो खोपीबाहेर भाऊबंदांत बसला, पण त्याचं लक्ष तिथं नव्हतं. सारखा आईकडं बघायचा आणि आईनं बघितलं की तुरीकडं. पूजा झाली, पाणी शिंपडत शेताला फेरी झाली. ताटं मांडायची वेळ आली. पद्माबाई खोपीत गेल्या आणि थोड्या वेळानं खोपीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागून सावली, पुढून ऊन, त्यामुळं चेहरा नीट दिसत नव्हता. हातात जुना, गोल, पितळी डबा. झाकणावर बोटं घट्ट.

सगळं ठाऊक असूनही अण्णांच्या मानेवर काटा आला. ते माझ्याजवळ सरकले.

"जेवलास का रं?" पद्माबाईंनी विचारलं.

भाऊबंदांनी वरसुद्धा बघितलं नाही. येळवशीच्या दिवशी हा प्रश्न शेता-शेतांत शंभरदा विचारला जातो. पण व्यंकटच्या हातातली पत्रावळ खाली गेली. त्यानं आईकडं बघितलं, मग अण्णांकडं. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर आलेला 'राइट' गिळावा लागला.

दार लावून घ्यायला तिथं दारच नव्हतं. खोपीला कुठलं दार!

"न्हाई, माय," व्यंकट म्हणाला. "न्हाई जेवलो. वाढ."

"मग बाजूला हो जरा. किती वर्सं हुबी करतूस मला दारात?"

त्या त्याच्या शेजारी येऊन मांडी घालून बसल्या आणि डबा उघडला. धपाटे होते आणि शेंगाची चटणी. व्यंकटनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि खाऊ लागला. दोन धपाटे संपवले. मग त्यानं भरल्या तोंडानं, खाली बघत विचारलं, "तू ऐकलं हुतंस, माय? त्या दिशी?"

"ऐकलं हुतं. आन् डबा घासलेलाबी बगितला हुता. खा आता. चटणी घे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "भूत झ्याक लिवतूस रं. पर ती बाई एवढी गप कामून? मी असते तर दार ढकलून आत आले असते."

व्यंकट हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. अण्णांनी आंबिलीचा तांब्या पुढं केला. मग धीर करून त्यांनी विचारलं, "अजून तीन पुस्तकं राहिलीत म्हणे तुमची. भुताचीच का?"

"भुताचीच, अण्णा."

"आसू द्या," अण्णा म्हणाले. "तीन ते पाच चालंल."

चार वाजता व्यंकट निघाला. पद्माबाईंनी उरलेले धपाटे डब्यात भरले, झाकण दाबून बसवलं आणि कारच्या खिडकीतून आत दिला.

"डबा घासून आण," त्या म्हणाल्या.

"कधी आणू?"

"संपला की."

व्यंकटनं डबा शेजारच्या सीटवर ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, उतरून पलीकडून गेला आणि सीटचा पट्टा डब्याभोवती नीट लावून घेतला.